नऊ फुटांची वाट

घटस्थापनेपासून अष्टमीपर्यंत देविकाबाईंनी रोज चाळीस कडक भाकरी केल्या. माणशी रोज चार, दोन माणसं, चाळीस दिवस. पत्र्याच्या डब्यांत भरून त्यांनी त्या होडीत रचल्या. शेजारी शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, वाळवलेली मेथी, लिंबाचं लोणचं. पाणी मात्र रत्नागिरीत भरायचं होतं. लातुरात नळ आठ दिवसांनी येत होता.

त्यांचे यजमान श्रीनाथ सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. त्र्याण्णवच्या भूकंपात गावच्या दगडी भिंतीखाली त्यांची आई आणि धाकटा भाऊ गेले. त्यानंतर नवराबायको स्लॅबखाली झोपले नाहीत. शहाण्णव साली सरांनी परसात शिडाची होडी बांधायला घेतली. तळ पुरा झाल्यापासून दोघं तिच्यातच झोपत. आता, २००९च्या दसऱ्याला, ती ट्रेलरवरून रत्नागिरीला न्यायची आणि डिसेंबरात वारा फिरला की सेशेल्सकडे निघायचं, असं ठरलं होतं. सर सदुसष्ट वर्षांचे होते. पुढच्या वर्षाबद्दल बोलायचं डॉक्टरांनी टाळलं होतं.

पुढची अर्धी जागा त्यांनी पाच वर्षांपूर्वी माणिकप्पांना विकली होती. तिथं क्लासच्या मुलींचं चार मजली हॉस्टेल झालं. दुसऱ्या बाजूला क्लासची इमारत होती. होडी साडेआठ फूट रुंद, म्हणून ती बाहेर काढायला सरांनी खरेदीखतात मधली नऊ फुटांची वाट लिहून घेतली होती.

दसऱ्याला सकाळी ट्रॅक्टरनं ट्रेलर ओढला. अकरा फूट गेल्यावर ड्रायव्हर ओरडला, "सर, घासून राहिलंय!"

सरांनी टेप लावला. भिंतीपासून भिंत नऊ फूट. हॉस्टेलच्या खांबापाशी सव्वाआठ. त्यांनी तीनदा मोजलं.

माणिकप्पा लुंगीवरच खाली आले. "जमीन हलती म्हणून पाण्यात चाललात सर, पाणी तर रोजच हलतंय की," असं ते नेहमी म्हणत. आज म्हणाले नाहीत.

"हे खांब बाहेर कसे आले, माणिकप्पा?"

"तुम्हीच म्हणला व्हता की. नऊ इंची खांब नको, अठराचा घाला, वरी लेकरं झोपणार हायत. दोन इंजिनेर आणून उभे केले तुम्ही माझ्यापुढं. मग जाडी कुठं तरी निघणारच."

सरांना ते आठवलं. खांब उभे राहताना ते रोज येऊन सळ्या मोजत. वाट मात्र त्यांनी कागदावरच मोजली होती.

होडी कुशीवर आडवी केली तर तिची उंची आड येत होती. क्रेनवाला दुपारी बघून गेला. आत शिरायला जागा नव्हती आणि चार मजल्यांवरून उचलणारी क्रेन त्याच्याकडं नव्हती.

"खांब बाहेरून चार इंच छाटला तर?" सरांनी विचारलं.

माणिकप्पा वर बघत राहिले. गॅलरीत ओढण्या वाळत होत्या. "एकशेवीस पोरी हायत, सर. तुम्ही म्हणत असाल तर मी गवंडी बोलावतो. पण तुम्ही म्हणा."

सरांनी ड्रायव्हरला मागं घ्यायची खूण केली. ट्रॅक्टरनं होडी मागं ढकलली.

संध्याकाळी मुली आपट्याची पानं घेऊन आल्या. देविकाबाईंनी होडीतला एक डबा खाली आणला.

"राहू द्या ना," सर म्हणाले, "टिकतात त्या."

"कशासाठी?"

देविकाबाईंनी डबा उघडला आणि पहिल्या मुलीच्या हातावर दोन भाकरी ठेवल्या.