गणपूर्तीच्या घंटेची पाच मिनिटे

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे आणि फार दमले आहे. आवाज चढवण्यात सारा जन्म गेला, म्हणून आज हळूच बोलते. जरा जवळ या.

एका ओतशाळेत, एकाच दिवशी ओतलेल्या आम्ही सहा बहिणी. चौघी शाळांमध्ये गेल्या, एक अग्निशमन दलात गेली आणि मी संसदेत आले. मला पेटीत ठेवताना ओतारी म्हणाला होता, "हिनं नशीब काढलं! मोठमोठी माणसं हिच्या हाकेला धावतील." बिचारा! शाळेतल्या माझ्या बहिणींच्या हाकेला पोरे जिने दणाणून सोडतात. माझ्या हाकेला माणसे आधी घड्याळाकडे पाहतात, मग एकमेकांच्या तोंडाकडे.

मी सभागृहाच्या मोठ्या दारावर बसले आहे. एका बाजूला काचेच्या झडपेतून सभागृह दिसते, दुसऱ्या बाजूला गालिचा घातलेला व्हरांडा. खाली स्टुलावर घंटामामा बसतात. माझे बटण दाबणे हेच त्यांचे काम, म्हणून हे नाव. त्यांचेही गुडघे आता माझ्यासारखेच वाजतात.

माझे काम तसे सोपे आहे. सभागृहात तीनशे सदस्य. त्यांतले निदान तीस हजर असले तरच कामकाज चालवता येते. याला गणपूर्ती म्हणतात. तेवढे नसले आणि कोणी ते निदर्शनाला आणून दिले, की अध्यक्ष मला वाजवायला सांगतात. मी पाच मिनिटे वाजते. तेवढ्यात तीस झाले तर ठीक, नाहीतर सभागृह दिवसापुरते उठते.

सुरुवातीला माझा काय थाट होता! महिन्यातून एकदा चिंचेने घासून लख्ख करायचे. मी वाजले की अर्धवट जेवण टाकून माणसे यायची. पुढे कोणी घासेना. एका रंगाऱ्याने भिंतीबरोबर मलाही पांढरा रंग फासला, तेव्हापासून माझा आवाज बसला आहे. आणि सभागृहात एक अलिखित समजूत रुजली. माणसे कमी असली तरी कोणी मोजायला सांगायचे नाही. बाराचौदा डोकी बसतात, काम उरकतात, घरी जातात. मलाही ते बरेच वाटायचे. खोटे कशाला बोलू, मी कामचुकार झाले होते.

त्या अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता. मित्रांनो, संसदेचा वेळ पंगतीसारखा वाढला जातो. सकाळी प्रश्नांचा तास, मग सरकारचे काम, त्यात बड्या नेत्यांची भाषणे. त्यांना दिलेली दहा मिनिटे पंचवीसवर जातात आणि कोणी हूं की चूं करत नाही. साध्या सदस्यांनी आणलेल्या कायद्यांना आठवड्याची शेवटची दुपार मिळते, तीसुद्धा चिठ्ठीत नाव निघाले तर.

शिलाईबाईंचे नाव तीन वर्षांनी निघाले होते. निवडून येण्याआधी त्या कपड्यांच्या कारखान्यात मशीन चालवत, म्हणून सगळे त्यांना शिलाईबाई म्हणत. त्यांचा कायदा एका ओळीचा होता. माणसे काम करतात त्या प्रत्येक जागेचे दार आतून उघडता आले पाहिजे. त्यांच्या कारखान्याचे दार बाहेरून कुलूप लावून बंद ठेवत. एकदा आग लागली. त्या दिवशी शिलाईबाईंची सुट्टी होती, धाकट्या बहिणीची नव्हती.

त्यांची पाळी आली तेव्हा अर्धा तास उरला होता आणि सभागृहात चौदा जण होते. त्यांतला एक घोरत होता. शिलाईबाई उभ्या राहिल्या, हातातले कागद सारखे केले आणि चहूकडे पाहिले.

"अध्यक्षसाहेब, एवढी कमी माणसं? जरा बोलवा ना बाकीच्यांना. हे सगळ्यांनी ऐकायला पाहिजे."

अध्यक्ष भला माणूस. त्यांनी सावरायचा प्रयत्न केला. "ताई, तुम्ही बोलायला लागा. सगळं नोंदवलं जातंय. वेळ तुमचाच जातोय."

"नोंदवून काय करू? मतं तर माणसंच देणार ना? नियमाप्रमाणे तीस लागतात, इथं चौदाच आहेत."

संपले. चौदा सगळ्यांनाच दिसत होते, पण एकदा तोंडातून निघाले की अध्यक्षांचाही इलाज नसतो. त्यांच्यापुढे बसलेल्या सचिवांनी कपाळाला हात लावला. शिलाईबाईंना मात्र वाटले, आता लोक येतील.

घंटामामांनी बटण दाबले. मित्रांनो, इतकी मी जन्मात वाजले नव्हते. उपाहारगृहातून चौघे आले, ग्रंथालयातून तिघे. दोघे गाडीत बसलेले उतरून आले. एक जण ओले हात पुसत आला, आणखी पाच जण इकडूनतिकडून. प्रत्येक जण आत शिरला की शिलाईबाईंचा चेहरा उजळायचा. चौथे मिनिट संपताना एकोणतीस झाले.

तिसावा माझ्या अगदी खाली उभा होता. हातात वर्तमानपत्र, त्यातले शब्दकोडे अर्धे सुटलेले. सकाळीच त्यांनी शिलाईबाईंना 'मी तुमच्याच बाजूनं' असे तोंड भरून सांगितले होते.

घंटामामा काकुळतीला आले. "साहेब, आत चला की."

"जातो हो. एवढे लोक गेले, तीस केव्हाच झाले असतील. एवढा एक शब्द लिहितो."

मी गळा फाडून ओरडत होते, पण घंटेला 'तुम्ही' असे म्हणता येत नाही. ती सगळ्यांनाच हाक मारते, म्हणून कोणालाच आपल्याला मारली असे वाटत नाही. पाच मिनिटे झाली. मामांनी बोट काढले.

सचिवांनी दोनदा मोजले. एकोणतीस. अध्यक्षांनी खाली मान घालून सभागृह उठल्याचे सांगितले. अधिवेशन संपले, त्याबरोबर बाईंची पाळीही गेली. आता पुन्हा चिठ्ठी, पुन्हा वाट पाहणे.

कोडेवाले साहेब दारात आले. "अरेरे, एकच कमी पडला? कोण आला नाही?" त्यांना खरोखरच वाईट वाटले होते.

शिलाईबाई बाहेर आल्या आणि मामांच्या स्टुलाजवळ थांबल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मामा, तिथं दाराला कुलूप होतं म्हणून माणसं बाहेर येऊ शकली नाहीत. इथं दार सताड उघडं, वर घंटा वाजतेय, तरी आत यायला माणूस नाही."

मामांनी उठून आपले स्टूल त्यांच्यापुढे सरकवले.

मित्रांनो, मला घासून लख्ख करा असे मी म्हणणार नाही. माझा रंगही खरवडू नका, आता त्याची सवय झाली आहे. एवढेच मागते. कुठे कोणासाठी हाक ऐकू आली, तर बाकीचे गेले असतील असे समजून थांबू नका. हातातले तसेच टाका आणि जा. आत मोजणी चालू असेल, आणि तिथे एकच कमी असेल.