शेवटच्या भागाबद्दल माझं मत

एक सांगतो, ज्या मालिकेत माणसाचा तोतया घुसतो ना, तिच्यातली माणसं ठार मूर्ख असतात. यानात परका शिरलाय, तो आपल्यातल्याच कोणाचं तरी रूप घेऊन फिरतोय, आणि ही शहाणी मंडळी पाच-पाच भाग काय करतात? एकमेकांकडे डोळे बारीक करून बघतात! अरे, एक प्रश्न ठरवून ठेवा की आधीच. ज्याचं उत्तर खऱ्या माणसालाच ठाऊक असेल असा. तेवढी अक्कल कॅप्टन गंजला आहे. कॅप्टन गंज म्हणजे माझं लाडकं कॉमिक. त्यातला कॅप्टन, म्हातारा भंगारवाला, प्रश्न विचारल्याशिवाय कोणालाही यानात घेत नाही, स्वतःच्या आईलाही नाही. हल्ली नवा चित्रकार आलाय आणि त्याने कॅप्टनचा पार पैलवान करून टाकलाय, ते सोडा. त्या चित्रकाराने जन्मात भंगाराचं दुकान बघितलेलं नसणार.

हे सगळं मी ऑपरेशनच्या टेबलावर कुशीवर पडून सांगत होतो. डोकं चिमट्यात घट्ट आवळलेलं, कवटीचा एक तुकडा काढून बाजूला ठेवलेला, आणि मी जागा.

हो, जागा. मेंदूला म्हणे दुखत नाही. दुखतं ते कातडीला, आणि ती त्यांनी बधिर केली होती. माझी गाठ बोलण्याच्या जागेला खेटून होती, म्हणून या डॉक्टरांची रीत अशी की रोग्याला मध्येच उठवायचं आणि बोलतं ठेवायचं. ते आत एकेका जागी विजेची बारीकशी टोचणी लावून बघणार. बोलणं अडलं की ती जागा सोडायची, नाही अडलं की कापायची. डॉक्टर मला दिसत नव्हते, नुसता आवाज यायचा. हिरव्या चादरीच्या तंबूत माझ्या तोंडासमोर बसल्या होत्या थेरपिस्ट मॅडम. हातात टॅब्लेट, त्यावर चित्रं. मी काय बोलतोय आणि कसं बोलतोय यावर कान ठेवायचा, हे त्यांचं काम.

"बोलत राहा दादा," त्या म्हणाल्या. "पैलवान केला, मग?"

माझी पाचावर धारण बसली होती. पण तसं कोणाला सांगायची माझी पद्धत नाही. घाबरलो की मी मतं द्यायला लागतो.

सुरुवात झाली तेव्हाही तेच केलं. मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासतो. एक दिवस एका आजींचा तयार चष्मा घेऊन पुढे आलो आणि शब्दच येईना. "घ्या तुमचा... हा... कानावरचा," म्हणालो. आजी हसल्या, मालक हसला, मीही हसलो. मागे जाऊन मशीन चालू केलं आणि त्याच्यापुढे नुसता उभा राहिलो, हातपाय गार. ज्याच्यावर रोज पोट भरतो तोच शब्द! घरी बायकोने विचारलं, "चेहरा का उतरलाय?" मी म्हणालो, "छे, कुठे काय." आणि 'दूरचं ठाणं' या मालिकेचा शेवटचा भाग किती भिकार आहे ते तिला पुन्हा एकदा ऐकवलं.

त्या भागावरूनच आमचं लग्न झालं म्हणा ना. जुन्या पुस्तकांच्या दुकानात मी कोणालातरी त्याची सालटी काढून दाखवत होतो, तर मागून एक बाई म्हणाली, "तुम्हाला कळलाच नाही तो." तीच ही. शिवणकामाच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. दहा थर कापडावर एकदा खडूची रेघ मारली की मशीन घालते, मागे वळून बघत नाही. भांडणातही तशीच.

आता मला सांगा. पूर्ण मालिकाभर लढाया, धूमकेतू, फितुरी. आणि शेवटच्या भागात काय? ठाण्यावर हवा संपत आलीय, तिथे तो एकटा अडकलाय. त्याची बायको यान घेऊन निघालीय, पण वेळेत पोचणार नाही हे दोघांनाही ठाऊक आहे. आणि दोघं रेडिओवर कशावर बोलतात? घरचा नळ कोणी चालू ठेवला यावर! तू ठेवलास, नाही तूच ठेवलास. आख्खा भाग! मग आवाज बंद, संपली मालिका. ना स्फोट, ना सुटका. मी टीव्हीला चप्पल फेकून मारली होती. बायको म्हणते यासारखा भाग जगात झाला नाही. इतकी वर्षं भांडलो, दोघांपैकी कोणी तसूभर हललं नाही.

तर ऑपरेशनच्या आधी मॅडम माझी ओळख करून घ्यायला रोज यायच्या. मला काय आवडतं, काय डोक्यात जातं, सगळं ऐकायच्या. बिचाऱ्यांनी कॅप्टन गंजचे अंकसुद्धा वाचले. तेव्हा मी शहाणपणा केला. म्हटलं, "मॅडम, शब्द राहिले आणि आतला माणूसच बदलला तर? तोतया झाला तर?" त्या म्हणाल्या, "तसं सहसा होत नाही." सहसा! मी म्हणालो, "मग आपण एक खुणेचा प्रश्न ठरवू. मला विचारायचं, शेवटचा भाग कसा होता? मी 'भिकार' म्हणालो तर मी मीच. दुसरं काही म्हणालो तर डॉक्टरांचा हात थांबवायचा." डॉक्टर हसले, पण मी हट्टच धरला. शेवटी म्हणाले, "ठीक आहे, तुमचं डोकं, तुमचा प्रश्न." बायको कोपऱ्यात बसून ऐकत होती.

टेबलावर गप्पांनंतर चित्रं झाली. कुलूप, बदक, शिडी. मी फटाफट सांगत होतो. मग मॅडमनी चमच्याचं चित्र दाखवलं आणि माझं तोंड थांबलं.

कसं सांगू तुम्हाला? चमचा दिसत होता. त्याने काय करतात ते ठाऊक होतं. पण शब्द होता तिथे काहीच नव्हतं. ओरडावंसं वाटलं, तर ओरडायलाही काही हाताशी नाही. नुसती जीभ. मालिकांमध्ये अवकाशात फेकलेला माणूस हातपाय झाडतो, तोंड उघडतो आणि आवाज येत नाही, ते मी कितीदा बघितलं असेल, चवीने बघितलंय. आता सांगतो, बघायची गोष्ट नाही ती.

"थांबला," मॅडम म्हणाल्या.

"खूण केली. ही जागा सोडली," डॉक्टरांचा आवाज आला, आणि लगेच माझ्या तोंडून बाहेर पडलं, "चमचा! चमचा, चमचा, चमचा."

"शाब्बास," मॅडम म्हणाल्या. "आता डॉक्टर काढायला सुरुवात करतायत. गप्पा मारू. मेलेले नायक परत येतात त्याबद्दल सांगा."

मी सुटलोच. म्हटलं, मेला ना? मग मेलेला राहू दे. खप घसरला की उठवतात त्याला, आणि तो उठून पहिल्यासारखा वागतो, जसा काही बाहेरगावी जाऊन आला. मरून आलेला माणूस तसाच कसा राहील? बोलता बोलता मलाच माझं बोलणं ऐकू आलं. मागून काहीतरी शोषून घेतल्याचा आवाज येत होता. तो कशाचा ते विचारायचं नाही असं मी ठरवलं आणि अवकाशात स्फोटाचा आवाज ऐकू येतो त्या मूर्खपणावर घसरलो. मग टाइम मशीनवर. थांबलो की संपलो, असं वाटत होतं. काहीही बोल, कशावरही बोल, पण बोल.

तेवढ्यात मॅडमनी विचारलं, "आणि 'दूरचं ठाणं'चा शेवटचा भाग कसा होता?"

मी तोंड उघडलं. 'भिकार' तयार होता जिभेवर. आणि मला तो ठाण्यावरचा माणूस दिसला. हवा संपतेय आणि नळाबद्दल बोलतोय. अरे, हा तर मी! तो दुसरं करणार काय होता?

"चांगला होता," मी म्हणालो. "फार चांगला होता."

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. "डॉक्टर, थांबा!"

शोषायचा आवाज बंद झाला. "काय झालं? शब्द चुकतायत?"

"शब्द बरोबर आहेत. माणूस चुकतोय."

"नाही नाही," मी म्हणालो. "मी मीच आहे. मत बदललं माझं. आत्ता, इथे." आणि म्हणता म्हणताच कळलं की तोतयाही अगदी हेच म्हणाला असता. मालिकांमध्ये सगळे तोतये हेच म्हणतात, आणि मी सोफ्यावर बसून ओरडतो, विश्वास ठेवू नका त्याच्यावर! दरदरून घाम फुटला. डोकं हलवायची सोय नव्हती.

मॅडमनी पुन्हा चित्रं दाखवली. कुलूप, बदक, शिडी, चमचा. सगळी आली. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. खोटं बोलून सुटावं असं वाटलं. 'भिकार' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण खुणेच्या प्रश्नाला जाणूनबुजून खोटं उत्तर देणारा तरी कोण असतो? तो तर नक्कीच तोतया.

"चांगला होता," मी म्हणालो.

डॉक्टरांनी हत्यार खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "हे बघा, एक तुकडा राहिलाय. काढला तर गाठ पूर्ण गेली. सोडला तर ती पुन्हा वाढणार. पण यांना आपण शब्द दिलाय. घरच्यांना फोन लावा."

स्पीकरवर बायकोचा आवाज आला तेव्हा मला रडू फुटायचं बाकी होतं. मॅडमनी तिला सगळं नीट सांगितलं, राहिलेला तुकडा, बदललेलं उत्तर. शेवटी विचारलं, "तुम्ही यांना सगळ्यांत जास्त ओळखता. हे असं म्हणतील का?"

मग ती म्हणाली, "त्याला द्या."

"ऐकतोय मी," मी म्हणालो.

"काय आवडलं रे तुला त्यात?"

"ते नळाबद्दल बोलतात ते."

"ते तर तुला सगळ्यांत भिकार वाटायचं."

"त्यांना नळाचं काही पडलेलं नसतं गं," मी म्हणालो. "त्यांना भीती वाटत असते. फार भीती वाटते."

यंत्राची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. मी मनात म्हणत होतो, बोल काहीतरी, बाई माझे, बोल.

"डॉक्टर," ती म्हणाली, "कापा."

आणि फोन ठेवून दिला.

शेवटी मला पुन्हा झोपवलं होतं; मी शुद्धीवर आलो तेव्हा खिडकीतून ऊन येत होतं आणि ती खुर्चीत बसली होती. मी आधी मनातल्या मनात चमचा म्हणून बघितलं. मग मोठ्याने. मग बाजूच्या टेबलावर तिचा चष्मा होता, त्याच्याकडे बोट करून म्हणालो, "चष्मा." जरा अडखळलो, पण म्हणालो. डॉक्टर येऊन गेले. गाठ पूर्ण निघाली होती.

ते गेल्यावर मी तिला विचारलं, "तुला कसं कळलं गं, मी ठीक आहे ते?"

"नाही कळलं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही कळलं. वेड्या, फोनवर कसं कळणार? इतकी वर्षं तू त्या भागाला शिव्या घातल्यास. तू असं म्हणणार नाहीस, हेच मला माहीत होतं."

"मग कापा कशी म्हणालीस?"

ती नखाशी चाळा करत बसली. कापायचं मशीन धरून धरून तिच्या अंगठ्याला घट्टा पडलाय, तो सोलत होती. म्हणाली, "लग्न झाल्यापासून तू एकदाही मला भीती वाटते म्हणाला नाहीस. शब्द जायला लागले तेव्हाही नाही. मला तुझ्या मालकांकडून कळलं, माहितीये? आणि आज म्हणालास, त्या दोघांच्या आडून का होईना. त्याला मी आजार म्हणू? म्हणून थांबवू?"

मला काय बोलावं सुचेना. म्हणजे शब्द होते, सगळे होते.

"आणि मी बदललो असेन तर?" मी विचारलं. "खरंच आत काही कापलं गेलं असेल तर? मला स्वतःला कळायचं नाही गं. घरी जाऊन तो भाग बघायचीही मला भीती वाटतेय. आवडला तर काय, नाही आवडला तर काय."

"बदलला असलास तर देवच पावला," ती म्हणाली. "तुझी आवड मुळात भिकार होती." पण माझा हात धरला तेव्हा तिची बोटं लटपटत होती. दहा थर कापड एका दमात कापणारी बाई ही.

"आता बोल काहीतरी," ती म्हणाली. "गप्प बसू नकोस."

मी खूप विचार केला. कॅप्टन गंज आठवला, तोतये आठवले, सगळी मतं हजर होती, एकही द्यावंसं वाटेना.

"घरचा नळ बंद करून आलीस ना?" मी विचारलं.

"नाही बहुतेक," ती म्हणाली, आणि रडायला लागली.