आधी हात, मग हाक

"तीन पावलं मागे. अजून मागे जा. आणि हात अजिबात लावायचा नाही." काकूंच्या नवऱ्याने चष्मा वर सरकवला आणि वहीतलं पुढचं वाचलं. "नेहमीच्या आवाजात मुलाला हाक मारा. मूल काय करतं ते समोरच्या चौकटीत लिहा."

"वळून बघेल, दुसरं काय करेल?" काकू म्हणाल्या. "लिहिणाऱ्यांना कामधंदा नाही."

गुणी खिडकीखाली पाठमोरी बसून डब्याचं झाकण फरशीवर फिरवत होती. सोळा महिन्यांची पोर, खरं नाव वेगळंच, पण अकरा महिन्यांपूर्वी काकूंकडे आल्यापासून ती गुणी. रडणं नाही, हट्ट नाही, शेजारी भांड्यांचा ढीग कोसळला तरी झोप मोडायची नाही. अशी दहा पोरं द्या, दहाही सांभाळते, असं काकू सगळ्यांना सांगत.

"गुणी!"

झाकण फिरत राहिलं.

"खेळात आहे," काकू म्हणाल्या आणि जरा जोरात हाक मारली. तिसरी हाक इतकी जोरात गेली की आतल्या खोलीत झोपलेली दोन्ही पोरं एकदम उठून रडायला लागली. गुणीने झाकण उचललं, उलटं केलं आणि पुन्हा फिरवलं.

नवऱ्याचं पेन हवेतच राहिलं. "काय लिहू?"

"थांबा जरा."

काकूंनी आतून ताट आणि पळी आणली. मुलीच्या पाठीमागे, डोक्याच्या बरंच वर धरून ताट बडवलं. नवऱ्याने कानांवर हात ठेवले. मग काकू खाली वाकल्या आणि त्यांनी मुलीच्या पाठीवर हळूच हात ठेवला. गुणी लगेच वळली आणि होते नव्हते तेवढे दात दाखवून हसली.

काकूंनी पळी फरशीवर ठेवली.

सव्वीस वर्षं त्या लोकांची पोरं सांभाळत होत्या. त्यांची एक पद्धत होती आणि तिचा त्यांना भारी अभिमान होता: आधी हात, मग हाक. पाठीवर हात ठेवायचा, मग बोलायचं, म्हणजे पोर दचकत नाही. नव्या आयांना त्या हे पहिल्याच दिवशी ऐकवत. गुणीच्या आईलाही ऐकवलं होतं आणि ती बिचारी घरी तसंच करायची. हात लागला की पोर वळायची. ती हाकेने वळते असं दोन्ही बायका समजून चालल्या होत्या.

ही वही मध्ये आली नसती तर अजून वर्षभर समजून चालल्या असत्या. पुढच्या वर्षीपासून बालसंगोपनाचा दाखला नसेल तर घरी मुलं ठेवता येणार नाहीत, असा नियम निघाला होता. दाखल्यासाठी अभ्यासक्रम आणि अभ्यासक्रमाला प्रवेश हवा तर आधी एका मुलाची सहा आठवड्यांची निरीक्षण वही. शिवाय सध्याच्या प्रत्येक मुलाच्या पालकांचं पत्र. साठी उलटलेल्या बाईने आता परीक्षेला बसायचं! नाकापेक्षा मोती जड, असं म्हणून काकू आठवडाभर फणफणल्या आणि मग मुकाट्याने फॉर्म घेऊन आल्या. दुसरं काम त्यांना येत नव्हतं आणि या वयात कोणी दिलंही नसतं. वहीसाठी त्यांनी गुणीला निवडलं, कारण ती शांत. लिहायला उसंत मिळेल.

जेवण, झोप, खेळ असे पाच आठवडे छान भरले होते. सहावा कानांचा होता.

"हे बघ," नवरा हळू आवाजात म्हणाला, "आज सोमवार. शुक्रवारी तिची आई पत्र देणार, शनिवारी अर्ज जाणार. मग सांग की. अकरा महिने गेले, तिथे चार दिवसांनी काय बिघडतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"तुम्ही गप्प बसा," काकू म्हणाल्या. पण संध्याकाळी गुणीची आई औषधाच्या दुकानातली नोकरी संपवून धापा टाकत दारात आली, तेव्हा काकूंच्या तोंडून एवढंच निघालं, "आज पोटभर जेवली हो." आणि दार लावून घेतल्यावर त्यांना स्वतःची अशी लाज वाटली की जेवण गेलं नाही.

मंगळवारी त्यांनी सांगितलं.

आई आधी हसली. "काहीतरीच काय काकू! घरी बोलवते तेव्हा बघते की."

"हात न लावता बोलवून बघ."

तिने बोलवून पाहिलं. मग चपला न काढताच आत आली, टाळ्या वाजवल्या, पर्समधल्या किल्ल्या वाजवल्या. गुणी काकूंच्या पदराची गाठ सोडवण्यात गुंग होती. आईने किल्ल्या पर्समध्ये परत टाकल्या.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "बोलत कशी नाही अजून, म्हणून विचारलं होतं. तुम्ही काय म्हणालात?"

"आमचा मुलगाही दोन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, म्हणाले."

"आता त्याचं तोंड मिटत नाही, असंही म्हणालात. मी हसले. दिवसाचे दहा तास तुमच्याकडे असते काकू ती. मला मिळतात दोन, तेही ती पेंगत असताना. तुम्हाला सगळं कळतं म्हणून मी निर्धास्त होते."

काकूंकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. हातामुळे कळलं नाही, हे खरंच होतं. पण खरं असलं तरी ते निमित्त सांगितल्यासारखं वाटलं असतं. "हो," त्या म्हणाल्या. "माझ्या लक्षात यायला हवं होतं."

गुरुवारी आई एकटीच सामान न्यायला आली. दोन्ही कानांची तपासणी झाली होती. काहीच ऐकू येत नव्हतं. "डॉक्टर म्हणाले, सहा-सात महिन्यांची असताना आणली असती तर बरंच पुढे गेलो असतो," तिने दुपटी पिशवीत कोंबत सांगितलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर काकूंना सोसायला सोपं गेलं असतं. "ते पत्र मी देणार नाही," जाता जाता ती म्हणाली.

"मागणारही नव्हते ग."

आणि गंमत म्हणजे, शनिवारी अर्जाच्या खिडकीवर कळलं की पत्राची गरजच नव्हती. "मूल सोडून गेलं ना? मग त्याचं पत्र लागत नाही," खिडकीतला कारकून म्हणाला. माणूस वाईट नव्हता. सकाळपासून दमला होता आणि दोन वाजता खिडकी बंद व्हायची होती. "इथे फक्त कारण लिहा. गेल्या सहा महिन्यांत मूल का गेलं ते."

काकूंनी ओठ आवळून लिहायला घेतलं. कारकुनाने समोरून उलटंच वाचलं. 'मुलीला ऐकू येत नाही हे मला अकरा महिने कळलं नाही. म्हणून.'

"अहो मावशी! हे असं लिहिलेला अर्ज समितीपुढे जायच्या आधीच बाजूला पडतो. घर बदललं, असं लिहा. सगळ्या तेच लिहितात." त्याने चुका खोडायच्या पांढऱ्या शाईची बाटली पुढे सरकवली. "आणि वहीतलं ते शेवटचं पान काढा. दुसऱ्या मुलाचं लिहून सोमवारी आणून द्या, मी लावून घेतो."

काकूंना तो दाखला हवा होता. फार हवा होता. त्यांनी बाटली उचलून झाकणसुद्धा उघडलं. पण ते पान काढलं की वहीत उरणार होती ती नुसती शांत, गुणी पोर, पाच आठवडे पोटभर जेवणारी. त्या मुलीबद्दल काकूंना खरं कळलेलं असं एवढं एकच पान होतं.

त्यांनी झाकण घट्ट लावलं आणि बाटली परत सरकवली. "राहू द्या. आहे ते बरोबर आहे."

कारकुनाने खांदे उडवले, अर्ज गठ्ठ्यात न ठेवता टेबलाच्या कडेला वेगळा ठेवला आणि म्हणाला, "कळवतील. पुढे कोण?"

पुढे एक तिशीची बाई होती. सगळं ऐकून तिचा चेहरा उतरला होता. तिने काकूंचा दंड धरला. "मावशी, माझ्याकडे पण एक आहे तसं. काही त्रासच नाही बघा त्याचा. मी त्यालाच वहीत घेतलंय. हा कानांचा आठवडा मी... मी अंदाजानेच भरलाय हो."

"मग रांग सोड आणि आत्ता घरी जा. त्याच्या आईला बोलावून घे."

बाईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोनला दहा कमी होते. तिने छातीशी धरलेली वही पाहिली, खिडकी पाहिली.

"एवढं देऊन जाते," ती म्हणाली आणि पुढे सरकली.

काकूंना तिचा राग आला नाही. त्या दाराजवळच्या बाकावर जाऊन तिची वाट बघत बसल्या.