मंचावरचा कुंभार

कुंभारीण गुडघाभर चिखलात उभी होती आणि तिच्या तोंडाचा पट्टा पायांपेक्षा जोरात चालला होता. माती तुडवायचं काम तिचं, चाकावर बसायचं काम नवऱ्याचं, आणि "काय हात आहे हो तुमचा" असं गावाकडून ऐकून घ्यायचं कामही त्याचंच. पण आजचा राग नवऱ्यावर नव्हता. तो दारात उभ्या असलेल्या भोंग्यावर होता. भोंगा म्हणजे पंचायतीचा शिपाई. त्याला हळू बोलणं जन्मात जमलं नव्हतं, म्हणून हे नाव.

"मंचावर!" भोंगा ओरडला. "सरपंचांच्या शेजारची खुर्ची! उद्याच्या सभेत दादांचा सत्कार आहे, सगळ्या गावासमोर!"

"हळू बोल मेल्या, भाजलेली मडकी तडकतील. आणि सत्कार कशापायी?"

"कलेपायी! सरपंच म्हणाले, हा माणूस म्हणजे गावाची शान आहे."

चाकावरचं गाडगं एका बाजूला कलंडलं तरी कुंभाराला कळलं नाही. तो भोंग्याच्या तोंडाकडे बघत होता. भोंगा गेल्यावरही तो दाराकडेच बघत राहिला.

"जायचं नाही," कुंभारीण म्हणाली.

"का गं?"

"वर बसलं की तोंड शिवलं जातं. विसरलात?"

तो विसरला नव्हता. गावची रीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. गावाच्या जागेवर काही करायचं झालं तर सरपंचानं ते सभेत मांडायचं आणि तीनदा विचारायचं, "कुणाची ना?" एका घरानं जरी "ना" म्हटलं तरी ते काम वर्षभर बाजूला पडायचं. घरामागे आवाज एकच, घरातल्या कर्त्याचा. मात्र जो मंचावर बसला त्याला "ना" म्हणता येत नसे, कारण तो बेत मांडणाऱ्यांतला धरला जाई. गेल्या वर्षीच्या सभेत सरपंचानं ओढ्याकाठचं मातीचं टेकाड सपाट करून तिथं बाजाराचं पटांगण करायचं काढलं, तेव्हा मागच्या रांगेतून कुंभारानंच "ना" म्हटलं होतं. मडक्याला चालेल अशी माती साऱ्या शिवारात तेवढ्या एका टेकाडात होती. बाकी सगळा मुरूम. टेकाड गेलं तर चाकही गेलं, इतकं साधं होतं ते.

"ते गेल्या वर्षीचं झालं," कुंभार म्हणाला. "आता परत कशाला काढतील?"

"मग तुम्हाला वर कशाला बसवतायत? थोबाड बघायला?"

तो खाली बघत म्हणाला, "अगं, सगळा जन्म मागच्या रांगेत गेला. अंगाला चिखल म्हणून लोक सरकून बसतात. एकदा बसू दे की खुर्चीवर."

हे तो इतक्या हळू बोलला की तिची जीभ अडखळली. "आणि काढलंच काही," तो म्हणाला, "तर धाकटा आहे की खाली. त्याचं घर वेगळं, त्याचा आवाज वेगळा. तो म्हणेल ना."

धाकटा म्हणजे तिचा दीर. तिच्या हाताखाली वाढला होता. तिनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, तिनंच त्याचं लग्न केलं. आता तो वेगळा राहायचा आणि भावानं घडवलेली मडकी गाडीवर घालून विकायचा. त्याचा विचार आला आणि कुंभारणीला धीर वाटला. खरं सांगायचं तर तिलाही नवरा एकदा खुर्चीवर बसलेला बघायचा होता. त्याच्या शर्टाला इस्त्री करताना ती स्वतःला शिव्या घालत होती, पण कॉलरवरून इस्त्री तिनं पुन्हा पुन्हा फिरवली.

सभा शाळेच्या अंगणात भरली. कुंभार मंचावर बसला होता, घासूनपुसून स्वच्छ केलेले पाय खुर्चीखाली ओढून. कुंभारीण बायकांत बसली आणि दीर कुठं आहे ते तिनं आधी बघून घेतलं. तो पुढेच होता. तिच्याकडे बघून हसला नाही, पण गर्दीत दिसले नसेन, असं तिनं मनाशी म्हटलं.

सरपंचाचा आवाज मोठा लाघवी होता. झालेली कामं, चालू कामं आणि व्हायची कामं, अशी त्यानं सुरुवात केली. "आपलं पहिलं प्राधान्य पाणी. दुसरं रस्ता. गटाराचं म्हणाल तर निम्मं झालंय. उरलेलं झालं की पाणी वाहायला लागेल."

"तोवर पाणी कुठं जाईल?" न्हाव्यानं विचारलं.

"तोवर दम धरेल," सरपंच म्हणाला, आणि सगळे हसले. त्याला हसवता यायचं, म्हणून तो दरवेळी निवडून यायचा.

मग सत्कार झाला. फुलांचा गुच्छ कुंभाराच्या हातात आला, टाळ्या वाजल्या. कुंभार उठून उभा राहिला तो बसायचंच विसरला. इतका खुललेला चेहरा कुंभारणीनं लग्नातही बघितला नव्हता. तिचे डोळे भरून आले, आणि नेमकं त्याच वेळी सरपंच म्हणाला, "आता शेवटचं काम. ओढ्याकाठचं टेकाड काढून तिथं बाजाराचं पटांगण करायचं."

कुंभाराच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच राहिलं आणि डोळे तेवढे भेदरले. "ना," तो म्हणाला.

"दादा, तुम्ही मंचावर आहात," सरपंच गोड आवाजात म्हणाला. "वर बसलेल्याला ना नसते. गेल्या वर्षी तुम्हीच दाखवलीत की आम्हाला ही रीत."

कुंभार खाली उतरायला निघाला. सरपंचानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला पुन्हा खुर्चीत बसवलं. लांबून बघणाऱ्याला ती मायाच वाटली असती. "सभा संपेपर्यंत पाहुण्यानं उठायचं नसतं. आणि घाबरता काय? बाजारातला पहिला गाळा मडक्यांचा! वर तुमच्या नावाची पाटी!"

"मडकी कशाची करू?" कुंभारानं विचारलं. माईक जवळच होता, सगळ्यांना ऐकू गेलं. सगळे हसले.

"शहरातून आणून विकायची! घडवायचे कष्ट वाचले!"

अजून मोठा हशा पिकला. त्यांच्या घराघरात त्याचीच मडकी होती, आणि तेच लोक पोट धरून हसत होते. कुंभारणीच्या अंगाची आग झाली.

"कुणाची ना?" सरपंचानं पहिल्यांदा विचारलं.

"माझी!" कुंभारीण उठली. "माझी ना!"

"वहिनी, घरामागे आवाज एक. तुमच्या घरचा आवाज इथं वर बसलाय." आणि त्यानं पुन्हा विचारलं, "कुणाची ना?"

ती बायकांतून वाट काढत पुढे गेली आणि दिरासमोर उभी राहिली. "भाऊजी, म्हणा. एक शब्द म्हणा."

दीर चपलेशी चाळा करत होता.

"भाऊजी, अहो, तुमच्या भावाचं चाक जाईल. खायचं काय आम्ही?"

"वहिनी, खाली बसा," तो पुटपुटला. "लोक बघतायत. तो गाळा मलाच मिळणार आहे. गाडी ओढून कंबर गेली माझी. मी कुठवर दादाच्या मातीला धरून बसू?"

तिनं आजूबाजूला बघितलं. न्हावी, शिंपी, शेजारीण, सगळ्यांनी माना फिरवल्या. तिसऱ्यांदा विचारून झालं तेव्हा अंगणात कुणी खोकलंसुद्धा नाही. मग टाळ्या वाजल्या. दिरानंही वाजवल्या, सावकाश. सरपंचानं कुंभाराला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो माईकसमोर उभा राहिला, गुच्छ छातीशी धरून, आणि म्हणाला, "आभारी आहे."

त्याच आठवड्यात टेकाडावर मशीन आलं. कुंभारणीनं नवऱ्याला घराबाहेर पडू नका म्हणून बजावलं आणि पाणी आणायला गेली. परत आली तर चाक रिकामं होतं. तो आला तो दिवस कलल्यावर, कोपरापर्यंत मातीनं भरलेला. ओसरीवर बसला आणि एकदम हसला.

"ड्रायव्हर म्हणाला, तुम्ही नसता तर दोन दिवस गेले असते. एका दिवसात उरकलं."

"तुम्हाला कुणी बोलावलं होतं?"

"कुणी नाही. लांबून बघत होतो. तो भलत्याच बाजूनं फोडत होता गं. चांगल्या मातीत सगळा मुरूम मिसळत होता. मला बघवेना. मग मी पुढं होऊन दाखवलं, इथून घाल, म्हणजे माती वेगळी निघेल." तो हातानं हवेत दाखवत होता. "अशी निघाली, लोण्यासारखी. एक खडा नाही."

"आणि कुठं टाकली ती?"

हात खाली आला. "त्या अर्धवट गटाराच्या खड्ड्यांत," तो म्हणाला. "वरून मुरूम घातला."

कुंभारणीच्या तोंडात शिव्या आल्या होत्या, सगळ्या जन्माच्या. पण तो आपल्या हातांकडे असा बघत होता की तिला एकही देता आली नाही. अंगणात अजून एक वेळची माती तुडवायची पडली होती. ती माती ओलांडून कुंभारीण आत गेली, घागरीतलं पाणी आणलं आणि त्याचे हात धुवायला बसली. बोटांच्या फटींतली मातीसुद्धा काढली.

"पटांगण सारखं करायला मजूर हवेत म्हणतात," ती म्हणाली. "उद्या दोघांचा डबा करते."