दादांच्या कानाशी चाललेला वाद

मी कानाचं यंत्र बोलतोय. माझं काम दुसऱ्यांचं बोलणं पोचवायचं. स्वतः बोलायची ही पहिलीच वेळ, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर माझा जन्म झाला. शेंगदाण्याएवढा जीव माझा. दुकानातल्या बाईंनी मला एका म्हाताऱ्या शिंप्याच्या कानात बसवलं आणि विचारलं, "येतंय का ऐकू?" ते म्हणाले, "ओरडू नका." तेच माझे मालक. घरीदारी सगळे त्यांना दादा म्हणतात.

दादांची देवावर गाढ श्रद्धा. सकाळी डोळे मिटून बसल्याशिवाय सुईत दोरा ओवायचे नाहीत. त्यांचा धाकटा भाऊ वकील. दर रविवारी यायचा आणि चहा निवायच्या आत देवावर घसरायचा. आहे म्हणतोस, तर पुरावा दाखव. दादा म्हणायचे, एवढं जग काय आपोआप शिवलं गेलं? मग शिवणाऱ्याला कोणी शिवलं, असं धाकट्याचं उत्तर ठरलेलं. पुढे काही सुचेनासं झालं की दादा मला काढून शिलाई मशीनवर ठेवून द्यायचे. माणसं वादात हरत नाहीत, ऐकायचं बंद करतात, हे मी तिथे पडल्यापडल्या शिकलो.

मग दादांच्या बायकोच्या, म्हणजे वकिलाच्या वहिनीच्या, पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि ती हिंडूफिरू लागली. दादा म्हणाले, हा घे तुझा पुरावा, मी देवाचा अखंड धावा केला होता. वकिलाने ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, शेजारच्या खाटेवरच्या बाईचा मुलगाही तुझ्याच बाकावर हात जोडून बसला होता ना? ती बाई वाचली नव्हती. त्या दिवशी मात्र दादांनी मला काढलं नाही.

पुढच्या वर्षी दुखणं उलटलं आणि वहिनी गेली.

दादांनी मला डबीत घातलं आणि डबी कपाटात. नंतर दादांच्या सुनेच्या बोलण्यावरून कळलं, की त्यांनी सकाळी डोळे मिटून बसणंही सोडलं होतं. रविवारी वकील यायचा, समोर बसायचा आणि न बोलता चहा पिऊन जायचा.

एका रविवारी दादांनी स्वतःच माझ्यात नवा सेल घातला, मला कानात बसवलं आणि म्हणाले, "जिंकलास तू. आता स्पष्ट सांग, वर कोणी नाही ना? नाही म्हण. म्हणजे रागवायला कोणी उरणार नाही आणि मी सुटेन."

अर्धं आयुष्य ज्या कबुलीसाठी घासाघीस केली, ती आयती पुढ्यात आली होती. वकिलाने बराच वेळ कप बशीत फिरवला.

"दादा, वहिनी बरी झाली तो तुझ्या बाजूचा पुरावा नाही, असं मीच म्हणालो होतो. मग ती गेली, हा माझ्या बाजूचा कसा होईल?"

"म्हणजे तुलाही माहीत नाही."

"पटण्यासारखा पुरावा मला मिळालेला नाही. याहून जास्त बोललो तर ते खोटं होईल, आणि तुझ्याशी आज खोटं बोलवत नाही."

"मग मी असाच रागावलेला राहू?"

"राहा की. मी बसतो सोबत."

दादा रडले. कानात जरा सैल झालो की मी शिट्टी मारतो, तशी तेव्हा मारली. दोघांनीही तिकडे लक्ष दिलं नाही.

आता माझं कवच तडकलंय, आवाजही खरखरतो. दादा पुन्हा सकाळी डोळे मिटून बसतात. मात्र हल्ली मागणं कमी आणि भांडणंच जास्त. वकिलाचं मत तसूभर हललेलं नाही.

वरून कधी काही ऐकू आलं का, असं मला विचाराल, तर नाही. पण माझा पल्ला चार हातांचा. त्यापलीकडची ग्वाही मी देऊ शकत नाही. विनंती एवढीच, की वाद घालायचा तर जवळ बसून घाला. लांबून बोललेलं मला नीट कळत नाही.