स्वेटरची वेतनवाढ

“आता जे सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझ्या बायकोचाही बसला नव्हता, आणि लग्नाआधीच्या माझ्या झाडून सगळ्या थापा तिला पटल्या होत्या,” असं म्हणून शिक्केकाका कुलसचिव साहेबांच्या दाराबाहेरच्या बाकावर जरा सरकून बसले.

आस्थापना विभागात एकतीस वर्षं शिक्के मारून निवृत्त झालेला हा माणूस. वर्षातून एकदा, आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायला विद्यापीठात येई, आणि दाखल्यावर कोणाला शंका नको म्हणून की काय, दिवसभर बोलत राही.

शेजारी भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. पोरं त्यांना दगडबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. त्यांच्या मांडीवर दोन कागद होते. पहिला अभ्यासरजेचा आदेश, एक वर्ष, पूर्ण पगारी. त्यावर साहेबांची सही व्हायची होती. दुसरा तीन ओळींचा, ‘वेतनाबाबतची तक्रार मी स्वखुशीने मागे घेत आहे.’ त्यावर बाईंची सही व्हायची होती.

“या हातानं द्या, त्या हातानं घ्या,” साहेबांनी सकाळी साखर पेरत सांगितलं होतं. “जेवणाच्या सुट्टीआधी उरकून टाकू.”

तक्रार साधी होती. अकरा वर्षांपूर्वी एकाच जाहिरातीतून, एकाच दिवशी, शेजारच्या टेबलाचे सर आणि बाई रुजू झाले. सरांची पगाराची चिठ्ठी एकदा प्रिंटरमध्ये अडकली आणि ती बाईंनीच ओढून काढली. सरांना सुरुवातीलाच दोन वेतनवाढी जादा लागल्या होत्या. “मी मागितल्या, त्यांनी दिल्या. तुम्ही का नाही मागितल्या?” सर म्हणाले, आणि ते अगदी निरागसपणे म्हणाले. बाईंनी मागितल्या होत्या. ‘नियमात बसत नाही’ असं उत्तर आलं होतं.

पण रजाही आत्ताच हवी होती. नदीकाठच्या ज्या कड्याचे थर त्या नऊ वर्षं सुट्ट्यांमध्ये मोजत आल्या होत्या, त्याला पुढल्या वर्षी रस्त्यासाठी काँक्रीटची भिंत चढणार होती. सगळ्यात खालचा, तांबूस थर अजून राहिला होता.

“तर गणिताच्या एक बाई होत्या,” शिक्केकाका म्हणाले. “सात वर्षं शिकवलं की एक वर्ष रजा, हा नियम. त्यांची चौदा झाली. अर्ज इतके केले की फायलीला पोट सुटलं. शेवटी वैतागल्या, नवऱ्याचा राखाडी स्वेटर खुर्चीला अडकवला, आणि गेल्या की निघून!”

दगडबाईंना हसू आलं. खुर्चीला स्वेटर असला की माणूस आवारात आहे असं समजायचं, हे इथलं खरं हजेरीपुस्तक. त्यांच्या खुर्चीलाही आत्ता एक लोंबत होताच.

“आणि कोणाला कळलं नाही?”

“कळणार कसं? शिपाई रोज चहा ठेवायचा, रोज गार कप उचलून न्यायचा. बैठकीआधी विभागप्रमुख दारातून विचारायचे, ‘काही हरकत?’ स्वेटर गप्प. की लिहिलं, एकमतानं मंजूर. सहा महिन्यांत स्वेटर तीन समित्यांवर!”

“अहो, पण तास कोण घेत होतं?”

“पोरं एकमेकांना शिकवायची. निकाल सुधारला. एकदम इतका कसा सुधारला म्हणून चौकशी बसली. पण चौकशी समितीतही स्वेटरच होता, मग काय निघणार, डोंबल?”

एवढ्यात शिपायानं दारातून मान काढली. “मॅडम, साहेब जेवायला निघतायत. झाली का सही?”

“होतेय,” म्हणत बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

“खरी गंमत पुढंच आहे,” काकांनी घाई केली नाही. “वर्षाअखेरीस स्वेटरला वेतनवाढ लागली. एक नाही, दोन.”

“दोन कशाला?”

“बटणं उजवीकडं होती ना! पुरुषाचा स्वेटर. वरून तोंडी निरोप आला, लावून टाका. शिक्का मीच मारला, या हातानं.”

पेन कागदावर टेकलं होतं, ते तिथंच राहिलं. शाईचा एक निळा ठिपका पसरत गेला.

“मग? बाई परत आल्या?”

“आल्या ना, पुस्तक लिहून आल्या. बघतात तर स्वेटरचा पगार त्यांच्यापेक्षा जास्त! पण बाई शहाण्या. कुरकुर नाही, अर्ज नाही, तक्रार तर मुळीच नाही. गुपचूप खुर्चीवर बसल्या. आणि पुढच्याच महिन्यात कार्यालयानं स्वतःहून चूक शोधली, त्यांचा पगार स्वेटरच्या बरोबरीला आणला, मागचा सगळा फरक दिला, वर माफीचं पत्र!”

काका चष्मा काढून तो पुसत बसले. बाईंनी पेनाला टोपण लावलं. तीन ओळींच्या कागदाची चौपदरी घडी घातली, ती पर्समध्ये टाकली आणि उठून रजेचा आदेश शिपायाच्या हातात दिला.

“साहेबांना सांगा, सही करायची असेल तर करा. दुसरा कागद मिळणार नाही.”

शिपाई दोघांकडं आळीपाळीनं बघत आत गेला.

“मॅडम, गोष्ट कशी वाटली?” काकांनी विचारलं.

“खोटी आहे, काका.”

“कुठली? स्वेटरची?”

“स्वेटर असेल. समित्यांवरही असेल, मी त्याच्या शेजारी बसलेय. पण तक्रार न करता इथं कोणाचा पगार आपोआप दुरुस्त झाला, ही शुद्ध लोणकढी थाप आहे!”