कोरडं बॉनेट

जानेवारीतल्या सकाळी कार्ला फाट्याजवळ बजरंग मिस्त्रीच्या गॅरेजपुढं पाच गाड्या उभ्या होत्या. चार गाड्या दवानं निथळत होत्या. पाचवी, पांढरी, बजरंगच्या भाच्यानं, संदेशनं, विकायला आणलेली. तिचं टप ओलं, काचा ओल्या, पण बॉनेट खडखडीत कोरडं. ते लांबूनच पाहून बजरंगच्या तोंडाची चव गेली.

"रात्रीपासून इथंच उभी आहे. किल्लीसुद्धा लावली नाही," संदेश गिऱ्हाइकाला सांगत होता. गिऱ्हाईक म्हणजे गावातलाच हौशीराम आणि त्याची मुलगी समीक्षा. पोरीनं सुदुंबऱ्याकडच्या कंपनीतली नोकरी सोडली होती आणि आता लोणावळा स्टेशनवर टुरिस्ट गाडी चालवायची म्हणत होती. साठवलेलं सगळं या एका गाडीत जाणार होतं. हौशीरामचं एकच म्हणणं, "बजरंग व्हय म्हनला तर घ्यायची."

बजरंगनं दार उघडलं. गुलाबाच्या स्प्रेचा भपकारा आला आणि त्याच्याखालून कधीकाळच्या ओकारीचा आंबूस वास. सीटच्या खाचेत गुटख्याची पुडी चिकटलेली, वरून डॅशबोर्डला चकचकीत पॉलिश आणि आरशाला ताजं लिंबू-मिरची. मढ्याला पावडर फासावी तसला प्रकार.

संदेशनं किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. मागं जराशी पांढरी वाफ आली आणि विरून गेली.

"बघा मामा, धुराचं नाव नाही. वाफ काय, थंडीत सगळ्यांच्याच गाडीला येते."

वाफेचं खोटं नव्हतं. बजरंगनं बॉनेटवर तळहात ठेवला. ते चांगलंच गरम होतं.

"बंद कर," तो म्हणाला. "किल्ली हिकडं दे. दुपारी बगू."

"का हो काका?" समीक्षानं विचारलं.

"गार इंजिन खोटं बोलत न्हाई, पोरी. सील गेल्यालं आसलं की उभ्या गाडीत ऑइल झिरपतं, आन चालू करताना पयल्यांदा त्येच जळतं. निळा धूर येतो. आदीच कुनी गाडी तापवून तो काडून टाकला, तर तुला काय दिसनार?"

संदेशचा चेहरा उतरला. त्यानं मामाला टायरांच्या ढिगामागं ओढलं.

"घरच्या माणसाच्या पोटावर पाय देताय मामा? आणि हे मला शिकवलं कुणी? 'गिऱ्हाईक यायच्या आदी पयला धूर वाऱ्याला देऊन टाकायचा.' तुमचेच शब्द."

शब्द बजरंगचेच होते, आणि ते त्यानं हसत हसत, कौतुकानं सांगितले होते. अठरा वर्षांपूर्वी अशीच पहाटे तापवलेली जीप त्यानं याच हौशीरामच्या गळ्यात मारली होती. फाटा ते लोणावळा सीट भरायला म्हणून हौशीरामनं ती घेतली. जीप ऑइल पीत राहिली, वर्षाच्या आत भंगारात गेली, आणि हौशीराम दुसऱ्याच्या बंगल्याचं गेट उघडायला लागला तो अजून तेच करतो. वर बजरंगनंच त्याचं सांत्वन केलं होतं, "मशीनचा काय भरवसा." सकाळपासून भाच्याची येत होती ती किळस आता त्याला स्वतःची यायला लागली.

दुपारी एकला त्यानं स्वतः किल्ली फिरवली. सायलेन्सरमधून निळा धूर भसाभसा निघाला आणि गाडीमागं साचून राहिला. जळक्या ऑइलचा चिकट वास जिभेवर बसला. समीक्षानं नाकाला ओढणी लावली.

"घिऊ नका," बजरंग म्हणाला. "आतनं सडलीय."

संदेश गाडी घेऊन गेला. पोरगी तोंड धुवायला नळावर गेली. बजरंग कापडाला हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"हौशीराम, तुजी ती जीप..."

"ठावं हाय."

"कवापास्नं?"

"त्याच दिशीपास्नं. बॉनेटला हात लावला व्हता म्या. गरम कशानं म्हनून तुला इचारलं, तर तू म्हनलास, उनानं." हौशीरामनं चपला पायात सरकवल्या. "तवा उजाडायचं व्हतं, बजरंगा. पन तू सांगतुयास म्हनून म्या ऐकलं."

बजरंगला त्याच्याकडं बघवेना. "मंग आज माज्याकडंच कशापायी आलास?"

"असली गाडी वळखायला असलाच मानूस लागतो," हौशीराम शांतपणे म्हणाला आणि त्यानं पोरीला हाक मारली.